भीमाकाठची वेळ आणि दर्याची वेळ

कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर हे तालुक्याचे गाव भीमेच्या खोऱ्यात वसले आहे. तेथून पश्चिम समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास भरतो, आणि भीमा तर त्या समुद्राकडे पाठ करूनच वाहते. सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमाशंकरापाशी ती उगम पावते. अरबी समुद्रावरून आलेल्या ढगांचे पाणी ती पदरात घेते आणि सुमारे आठशे साठ किलोमीटर चालून रायचूरच्या उत्तरेस ते कृष्णेच्या स्वाधीन करते. कृष्णा ते पूर्वसमुद्राला नेऊन घालते. अफजलपूरच्या शेतकऱ्याला पश्चिम समुद्र ठाऊक आहे तो या पावसाच्या रूपाने, आणि दुसऱ्या एका रूपाने, ज्याची हकीकत पुढे येईल.

कामधंदा बाजूला ठेवून, बायकामुलांसह चार दिवस समुद्रकाठी जाऊन पडावे ही कल्पना आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. हा इतिहास किनाऱ्यावरून पाहण्याऐवजी भीमाकाठावरून पाहावा असे आम्ही योजिले आहे. किनाऱ्यावरून त्याची एकच बाजू दिसते.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘सुट्टी’ हा शब्द सुटण्यावरून आला. दावे सुटते, शाळा सुटते, गाडी सुटते. ‘रजा’ अरबीतून आली आणि तिच्या मुळाशी दुसऱ्याची संमती आहे. म्हणून रजा मागावी लागते. निजामाच्या राज्यात जे लहानाचे मोठे झाले त्यांच्या तोंडी ‘तातील’ हा शब्द होता. तातील सरकार देई. अफजलपूरच्या भूमीवर हे तिन्ही शब्द नांदले, परंतु शेतात राबणाऱ्याला त्यांपैकी एकही पुरतेपणी लागू पडला नाही.

जुन्या काळी दख्खनचा माणूस समुद्राकडे विसाव्यासाठी जात नसे. शास्त्राचा दंडक असा की पिंपळाला शनिवारी शिवावे आणि समुद्राला पर्वकाळी. एरवी लांबूनच नमस्कार करावा. ज्याचे दर्शन नित्य आणि स्पर्श नैमित्तिक, त्या समुद्रात केवळ मौजेखातर डुंबणे कोणाच्या ध्यानी येणार? समुद्राशी व्यवहार होता तो मालाचा. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढून बिदरला पोचला आणि जवळचा एक घोडा त्याने तेथे विकला. त्याच्या वृत्तांतात आळंदच्या बाजाराचे वर्णन आहे. शेख अलाउद्दिनाच्या दर्ग्यापाशी भरणाऱ्या त्या जत्रेत देशोदेशीचा माल आणि घोडे येत. हे आळंद म्हणजे अफजलपूरचा शेजारचा तालुका. परतताना निकितीन दाभोळच्या बंदरातून गेला. १४७२ साली बहामनींचा वजीर महमूद गवान याने गोवे जिंकले, त्याच साली बिदरला त्याचा मदरसा उभा राहिला. गोव्याची ओढ त्याला होती ती बंदराची, समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांची आणि जकातीची. वाळूवर बसून सूर्यास्त पाहण्याची नव्हे.

घोडे सुलतानांसाठी होते. सामान्यांसाठी समुद्राने मीठ पाठविले. ते आणणारे लोक लमाण. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून त्यांचे तांडे घाट उतरत, किनाऱ्यावरच्या आगरांतील मीठ घेऊन वर येत आणि वरचे धान्य खाली नेत. दख्खनच्या भाकरीला चव यायची ती या तांड्यांच्या पायपिटीने. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज-पोर्तुगीज करार झाला, गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा बसला. त्याच कराराच्या पोटी निघालेला मुरगावचा लोहमार्ग १८८८ च्या सुमारास घाटावर चढला. लमाणांच्या बैलांना काम उरले नाही. तांडे जिथल्या तिथे बसले. त्यांतले कित्येक कलबुर्गी, विजापूर या भागांतील माळरानांवर आजही आहेत. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण लमाण समुद्रकाठी पुन्हा येणार आहेत.

समुद्र विसाव्याची जागा ठरला तो युरोपात, आणि आश्चर्य असे की तेथेही मौजेच्या आधी औषध आले. ब्रायटनचा वैद्य रिचर्ड रसेल याने १७५० साली समुद्रजलाच्या गुणांवर लॅटिन ग्रंथ लिहिला. सरदार-दरकदार गंडमाळेवर उपाय म्हणून थंडगार पाण्यात बुडू लागले. आगगाडी आल्यावर कारकून आणि कामकरी त्यांच्या मागोमाग गेले. पुढे इंग्लंडात १८७१ चा सुट्ट्यांचा कायदा झाला आणि १९३६ साली फ्रान्समधील कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला.

आमच्या गोव्यात हेच वळण वेगळ्या मार्गाने आले. ‘मुदांसा’ हा पोर्तुगीज शब्द. त्याचा अर्थ पालट. एप्रिल-मे महिन्यांत मडगावची खानदानी घराणी हवापालटासाठी कोलव्याच्या किनाऱ्यावर बिऱ्हाड हलवीत. भांडीकुंडी, गाद्या, चाकरमाणसे असा सारा लवाजमा बैलगाडीतून निघे. सर्वसामान्य घरांतही मे महिन्यात खाऱ्या पाण्याची न्हाणी घेण्याची चाल होती. सांधे धरलेले, अंगाला खाज सुटलेले, बाळंतपणाने थकलेले असे सगळे दर्यात बुड्या मारीत. ही चाल हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांतून आढळते. पर्वकाळाचा दंडक आणि रसेलचा काढा यांची ही गोमंतकीय मिसळण आम्हांला फार गमतीची वाटते. पुण्य मिळाले तर मिळाले. निदान खरूज तरी जाईल!

परंतु मुदांसा करणाऱ्या घराला कोणाची रजा घ्यावी लागत नव्हती. भाटातले नारळ आणि शेतातले भात दुसरे कोणीतरी काढीत होते. ज्याचे पोट हातावर आहे त्याला समुद्रकाठी चार दिवस काढायचे तर आधी एक दिवस तरी स्वतःचा असावा लागतो. तो एक दिवस कसा मिळाला, ही हकीकत मुंबईची आहे.

१८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्या सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत. सणावारी बंद ठेवीत, पण आठवड्याचा ठरलेला विसावा नव्हता. १८८१ च्या कारखाना कायद्याने पाहिले ते केवळ मुलांकडे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातली पहिली मागणी रविवारच्या पूर्ण सुट्टीची होती, दुसरी दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची. सहा वर्षे हा झगडा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा झाली, दोन स्त्रियांनी तीत भाषणे केली. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असे लोखंडे सांगत अशी परंपरा आहे. साहेबाचा देवळात जाण्याचा वार आणि जेजुरीच्या मल्हारीचा वार एकच पडला ही इतिहासाची कृपा म्हणावी. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना वारले. आज रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असते?

त्या गिरण्यांतले कामकरी पुष्कळसे रत्नागिरीकडचे होते. समुद्र सोडून ते कामासाठी आले आणि शिमग्याला, गणपतीला आगबोटीने पुन्हा समुद्रकाठी गेले. त्यांचे समुद्रकाठी जाणे म्हणजे घरी जाणे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात दोनशे चाळीस दिवस भरलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. १९५६ पासून केंद्र सरकारच्या नोकरांना रजेतील प्रवासाची सवलत मिळू लागली. आई, वडील, मुले अशा आटोपशीर कुटुंबाने स्वतःच्या गावी न जाता परक्या किनाऱ्यावर जाऊन राहणे, हा आज रूढ झालेला प्रकार, मराठी मध्यमवर्गात फैलावला तो या सवलतींनंतर.

अफजलपूरला यांतले काय पोचले? तालुका निजामाच्या राज्यात होता, तेव्हा कचेऱ्यांना शुक्रवारची तातील होती. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात आले आणि शुक्रवारचा रविवार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तरी रविवार राहिला. परंतु हे वार कचेरीचे. गावाचा वार निराळा होता. उत्तर कर्नाटकात आणि सोलापूरच्या बाजूस अनेक गावांत सोमवारी बैल जुंपीत नाहीत. तो बसवण्णाचा, नंदीचा वार. मालक राबावयास तयार असला तरी बैलाची रजा कोणी मोडीत नाही. लोखंड्यांनी माणसासाठी जे सहा वर्षे झगडून मिळविले ते येथे बैलाला मागण्याविना मिळाले होते, आणि बैलाच्या आधाराने माणसालाही थोडेसे. ट्रॅक्टर आला तेव्हा हा सोमवार गेला. ट्रॅक्टरला वार नसतो.

याच तालुक्यात गाणगापूर आहे. भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळ श्रीनृसिंह सरस्वती पंधराव्या शतकात राहिले. मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग १८७१ साली रायचूरपाशी पुरा झाला आणि त्यानंतर कोकण, गोवे, पुणे, मुंबई अशा ठिकाणांहून कुटुंबेच्या कुटुंबे गाणगापूर रोडच्या स्थानकावर उतरू लागली. समुद्रकाठची माणसे आपला हवापालट करावयास भीमाकाठी येतात, हे भूगोलाच्या उलट दिशेने झाले खरे. पहाटे संगमावर स्नान, औदुंबराखाली पारायण, दुपारी माधुकरी. ज्याच्या पेढीवर दहा माणसे कामाला आहेत असा व्यापारीही झोळी घेऊन पाच घरी उभा राहतो आणि मिळेल ती भाकरी खातो. कामापासून सुटण्याचा याहून पुरा मार्ग आम्ही तरी पाहिलेला नाही. किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात माणसाचा धंदा सुटतो, पण मालकपण सुटत नाही. येथे तेही दोन प्रहर बाजूला ठेवावे लागते.

‘गुरुचरित्रा’त एका कोष्ट्याची कथा आहे. संसारापुरते काम झाले की तो मठाचे अंगण झाडी. महाशिवरात्रीला घरची सारी मंडळी श्रीशैलाच्या यात्रेस निघाली. हा गेला नाही, माझा मल्लिकार्जुन येथेच आहे म्हणाला. तेव्हा गुरूंनी त्याला क्षणात श्रीशैलावर नेले आणि परत आणले, अशी ती कथा. तिचा भक्तिपर अर्थ सर्वज्ञात आहे. आमचे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. सोळाव्या शतकातल्या त्या ग्रंथातही सहकुटुंब प्रवासाला निघणे हा घरातला मोठा प्रसंग आहे, आणि मागे राहणाऱ्याला मंडळी समजावीत बसली आहेत.

तरीही यात्रा ही नवसाची, खर्चाची आणि वर्षानुवर्षांनी येणारी गोष्ट. या भागातल्या कुटुंबाचा दरसालचा खरा विसावा वेगळाच आहे. मार्गशीर्षातल्या अमावास्येला कलबुर्गी, बिदर, लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात वेळ अमावास्या होते. कानडीत तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कोणी ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ यावरून तिची व्युत्पत्ती लावतात, कोणी ‘एळु’ म्हणजे सात यावरून. मराठी बोलणाऱ्याने आपल्या कानाने ‘वेळ’ ऐकली आणि ती रूढ केली. सरहद्दीवरच्या शब्दांना दोन आया असतात. त्यांतली सख्खी कोणती हे विचारू नये.

त्या दिवशी गाव ओस पडते. लातूरसारख्या शहरात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि बाजारपेठा भर दुपारी निर्मनुष्य होतात. सगळे शेतात. ज्वारी कमरेच्या वर गेलेली असते, हरभरा घाट्यांवर येत असतो, तुरीच्या शेंगा भरलेल्या. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारून तीत पाच दगड पांडव म्हणून मांडतात. मडक्यातून ताकाची आंबील येते. घराघरांत आदल्या रात्रीपासून भज्जीची तयारी असते. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत: ओली तूर, वाल, वाटाणा, हरभरा, जी जी भाजी त्या आठवड्यात शेतात आणि बाजारात असेल ती सारी बेसन आणि ताक घालून शिजविलेली. तिच्यासोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. अन्नाचा पहिला घास पिकाभोवती फिरत शिंपडतात. कानडीत याला चरग चेल्लणे म्हणतात. शिंपणारा जो पुकारा करतो तो कानडीच्या वळणाचा, पण मराठी शेतातही तोच घुमतो, आणि त्याचा अर्थ विचारला तर दोन्हीकडचे लोक हसतात. नंतर पंगत बसते. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला बोलावतो. या एका दिवशी वाटेने जाणाऱ्या परक्यालाही बांधावरून हाक मारून खाली बसवितात. संध्याकाळी गवताची पेंढी पेटवून शेताभोवती धावतात आणि गाड्या गावाकडे वळतात.

या दिवसाकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी सण म्हणून पाहिले आहे, सुट्टी म्हणून फारसे पाहिलेले नाही. आम्हांला वाटते तो सुट्टीचा फार विचारपूर्वक घडविलेला नमुना आहे. शेतकरी कामाच्या जागेपासून दूर पळत नाही. त्याच जागी जातो, मात्र हातात अवजार नसते. अकरा महिने जे शेत त्याला राबविते तेथे तो एक दिवस पाहुणा म्हणून बसतो, आणि त्याची बायको, मुले, म्हातारी आई त्या शेताकडे प्रथमच निवांत डोळ्यांनी पाहतात. तक्रारीला जागा आहे ती एकच: चुलीपुढची बाई आदल्या मध्यरात्रीपासून जागी असते. तिच्या सुट्टीचा कायदा अजून कोणी केलेला नाही.

या द्वैभाषिक पत्रिकेच्या वाचकांना येथे एक गोष्ट सुचल्यावाचून राहणार नाही. कोंकणीत ‘वेळ’ म्हणजे समुद्रकाठची वाळू. दर्यावेळ म्हणजे किनारा. ‘वेळेर गेला’ म्हणजे किनाऱ्यावर गेला. संस्कृतातली ‘वेला’ काळही दाखविते आणि समुद्राची मर्यादाही. मराठीने त्यातला काळ घेतला, कोंकणीने किनारा ठेवला. मराठी माणूस वेळ नाही म्हणून कुरकुरत असतो तेव्हा कोंकणी कानाला तो समुद्रकाठ नाही म्हणून रडतो आहे असे वाटत असेल तर त्यात काही चूक नाही.

आणि आता त्या दुसऱ्या रूपाकडे, ज्याचा उल्लेख आरंभी केला. गोवे १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाले. साठीच्या अखेरीस परदेशी तरुण कळंगुटकडे आले, १९८५ पासून युरोपातून पर्यटकांची खास विमाने येऊ लागली, आणि किनाऱ्याला बांधकामासाठी, धुण्याभांड्यांसाठी, ओझ्यांसाठी माणसे लागू लागली. ती घाटावरून आली. कलबुर्गी, विजापूर, रायचूर ही अवर्षणाची नित्य भीती असलेली जमीन; एक पाऊस चुकला की तूर जाते आणि घरातले दोघे-तिघे गोव्याची किंवा मुंबईची वाट धरतात. आपण ज्या खोलीत सामान ठेवून पाण्यात उतरतो तिच्या विटा बहुधा अशाच हातांनी रचलेल्या असतात. गोव्यात त्यांना ‘घाटी’ म्हणतात. शब्द भूगोलाचा आहे, उच्चार मात्र सहसा तसा नसतो. वाळूवर आरसेकामाचे कापड, मणी, कंबरपट्टे घेऊन फिरणाऱ्या लमाणी स्त्रिया त्याच तांड्यांतल्या, ज्यांच्या पणज्यांचे बैल मिठाच्या गोण्या घेऊन घाट चढत. २००१ साली गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यान्वये फिरत्या विक्रीला बंदी आली आणि त्या स्त्रियांवर हुसकावून लावले जाण्याची पाळी वरचेवर येते. किनाऱ्यावर येण्याचा त्यांचा हक्क त्यांना रजा देणाऱ्या पाहुण्याहून कितीतरी जुना आहे, हे हुसकावणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

सुट्टीवर गेलेल्याचीही हल्ली सुटका नसते. खिशातल्या फोनवरून कचेरी त्याच्याबरोबर पाण्याच्या कडेपर्यंत येते. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोनला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे २०१८ साली खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याच आशयाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. ते मंजूर झाले नाही. लोखंड्यांच्या अर्जाला सहा वर्षे लागली होती. परंतु लोखंड्यांचा अर्ज गिरणीतल्या सर्वांसाठी होता, आणि फोन बंद ठेवण्याचा हक्क मिळाला तरी तो खोली झाडणाऱ्या मुलाच्या काय उपयोगाचा, हा प्रश्न राहतो. त्याचा मुकादम त्याला फोन करीत नाही. दारावर थाप मारतो.

समुद्राला स्वतःची सुट्टी आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रांच्या होड्यांना मासेमारी बंद असते. जाळी झाकून ठेवतात, होड्या वर ओढतात. त्याच सुमारास गोव्याच्या वाळूवरच्या झोपड्यांची उपाहारगृहे मोडून ठेवतात आणि पर्यटक ओसरतात. खारवी विसावतो, हॉटेलवाला विसावतो. घाटावरचा मजूर मात्र त्या वेळी गावाकडे निघतो, कारण मृगाचा पाऊस पडला की अफजलपूरच्या काळ्या रानात तुरीची पेरणी सुरू होते. किनाऱ्याचा हंगाम संपतो तेव्हा शेताचा उभा राहतो. दोन्ही कामांच्या मध्ये त्याच्या वाट्याला गाडीतली एक रात्र येते.

आणि मार्गशीर्षातली अमावास्या डिसेंबर-जानेवारीत पडते, नाताळ आणि नवे वर्ष यांच्या आगेमागे, जेव्हा गोव्याच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि कोणालाही रजा मिळत नाही. २०२४ साली ती ३० डिसेंबरला आली. वार सोमवार होता. भीमाकाठी खोपी उभ्या राहिल्या, आंबिलीची मडकी शेतात गेली. पंगतीत जी पाने रिकामी राहिली त्यांतली काही गोव्यात होती, दर्याच्या वेळेवर, दुसऱ्यांच्या ताटल्या उचलीत.